कोल्हापुरीच्या मानाबरोबर तिच्या कातड्याचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल झळकली आणि नक्कल, श्रेय, कारागिरांची मजुरी यांवर भरपूर लिहून आले. ते व्हायलाच हवे होते. पण चपलेचे कातडे कमावले कसे जाते आणि त्या कमावणीचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न त्यात मागे पडला.

२०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यावर कमावलेले कातडे ही या चपलेची ओळख. आज मात्र कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जोडांत क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेले, कातडे असते, तर काहींत चक्क रेक्झिन. गिऱ्हाइकाने तळाची कापलेली कड निरखून पाहावी. साल-हिरड्याचे कातडे आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमच्या कातड्याचा गाभा बऱ्याचदा निळसर-राखाडी असतो.

क्रोमची कमावणी दिवसा-दोन दिवसांत उरकते, सालीच्या कुंडात आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून जगातले बहुतेक कातडे क्रोमवरच कमावले जाते. पण जुन्या पद्धतीत पिंपात घातलेल्या क्रोमपैकी साधारण साठ-सत्तर टक्केच कातड्यात मुरते, उरलेले सांडपाण्यात जाते. तमिळनाडूतल्या वेल्लोर-राणीपेट पट्ट्याने त्याची किंमत मोजली आहे. टॅनऱ्यांच्या, म्हणजे कातडे कमावणाऱ्या कारखान्यांच्या, सांडपाण्याने तिथल्या विहिरी आणि शेती नासली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी. तरीही जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागातल्या भरपाईबद्दल त्याच न्यायालयाला पुन्हा निकाल द्यावा लागला.

असे असले, तरी आपली पद्धत झाडपाल्याची म्हणून आपोआप स्वच्छ, असे मी म्हणणार नाही. सालीचे काळपट पाणी ओढ्यात सोडले तर त्यातला ऑक्सिजन संपतो आणि ते लवकर कुजतही नाही. केस काढायला चुना आणि बऱ्याचदा सल्फाइडही दोन्ही पद्धतींत वापरतात. मिठाकडे तर कुणाचे लक्षच नसते. कातडे टिकावे म्हणून त्याला वजनाच्या तीस-चाळीस टक्के मीठ चोळतात. भिजत घालताना त्यातले बरेचसे पाण्यात उतरते आणि साध्या शुद्धीकरणाने निघत नाही. भिजवण्याआधी कातडी लाकडी चौकटीवर नीट झटकली, तरी त्यातले काही मीठ कोरडेच हाती येते. याला मोठे यंत्रही लागत नाही. क्रोमही सांडपाण्यातून वेगळे काढून पुन्हा वापरता येते, ते तंत्र आपल्या देशात माहीत आहे. कातड्याच्या आतल्या बाजूचे खरवडलेले मांस सरस करायला चालते. वापरून झालेली साल जळणाला येते.

एकेका कारागिराच्या अंगणात शुद्धीकरण प्रकल्प बसणार नाही. तिथे नुसत्या नोटिसा धाडल्या, तर परंपरेने कातडे कमावणारी घरेच आधी बंद पडतील आणि कातडे बाहेरच्या क्रोम टॅनरीतून येत राहील. म्हणून माझी राज्य सरकारला आणि चर्मोद्योग महामंडळाला विनंती आहे, की कोल्हापूर परिसरात सालीवरच्या कमावणीसाठी सामाईक कुंडे आणि त्यांना जोडून सामाईक सांडपाणी प्रकल्प उभारावा. प्रत्येक जोडावर ‘सालीवर कमावलेले’ की ‘क्रोमचे’ हे छापणे बंधनकारक करावे. सालीच्या जोडाला चार पैसे जास्त मोजायला माझ्यासारखी गिऱ्हाइके तयार आहेत, पण कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, उभे राहिल्यावर कुठला जोड कसला, हे कळायला तर हवे.

एक वाचक, कोल्हापूर