नगेट्स एअर फ्रायरमध्ये, पण तेल कोणाचे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एअर फ्रायरमध्ये केलेला पदार्थ आरोग्याला चांगलाच असणार, हा समज आता इतका पक्का झाला आहे की पाकिटातले गोठवलेले चिकन नगेट्स त्यात गरम करून दिले म्हणजे मुलांना पौष्टिक खाऊ दिला, असे अनेक पालकांना मनापासून वाटते. मलाही तसेच वाटत होते. एकदा मात्र नगेट्स काढून घेतल्यावर जाळीखाली तेलाचा चकचकीत थर साचलेला दिसला, आणि मी तर वरून एक थेंबही तेल घातले नव्हते. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा उलगडा झाला. असे नगेट्स बहुधा कारखान्यातच तेलात अर्धवट तळून मग गोठवलेले असतात. म्हणजे आपण टाळतो ते दुसऱ्यांदा तळणे; पहिल्या तळणीचे तेल आत असतेच.

या पदार्थाचा इतिहासही इथे लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर यांनी १९६०च्या दशकात चिकनच्या खिम्यापासून अशा कांड्या तयार केल्या, तेव्हा खिमा सुटू न देणे आणि गोठवताना व तळताना आवरण टिकवणे हेच त्यांच्यापुढचे कोडे होते. घरी ताजे चिकन कापून लगेच शिजवणाऱ्याला हे कोडे पडतच नाही, त्यामुळे त्यासाठीच्या खटाटोपाचीही गरज उरत नाही.

एअर फ्रायर ही मुळात पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. तिच्यातून आरोग्य निर्माण होत नाही. आपण आत काय ठेवतो यावरच सारे अवलंबून असते. म्हणून मी करते ती पद्धत सविस्तर लिहिते. अर्धा किलो बिनहाडाचे, कातडी काढलेले छातीचे चिकन घेऊन त्याचे साधारण अडीच सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि दोन मोठे चमचे दही, ठेचलेला लसूण, मिरपूड व अर्धा लहान चमचा मीठ लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत. मिठाचा हात आखडताच ठेवावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि मुलांची मर्यादा त्याहूनही कमी आहे. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात.

खरी मेख आवरणात आहे. कोरडा ब्रेडचा चुरा तसाच लावला तर तो पांढुरका राहतो आणि पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलवर जळतो. पहिल्या खेपेला माझ्या स्वयंपाकघरात त्याचाच धूर झाला होता. त्यानंतर मी वाटीभर चुरा एक मोठा चमचा तेलात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतून घेऊ लागले. चिकनचे तुकडे आधी फेटलेल्या अंड्यात बुडवून मग या चुऱ्यात घोळवावेत आणि तळहाताने हलकेच दाबावेत, म्हणजे चुरा सुटत नाही. या एका चमच्यात सुमारे १४ ग्रॅम तेल, म्हणजे १२० कॅलरी असतात, आणि तेवढ्यात पंचवीसेक नगेट्स होतात. चुऱ्यात निम्मे भरड दळलेले ओट्स मिसळले तर तंतुमय घटकही वाढतात.

यंत्र आधी तापवून १९० अंश सेल्सिअसला आठ ते दहा मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा तुकडे उलटावेत. जाळीत एकच थर हवा; एकावर एक रचले तर गरम हवा फिरत नाही आणि नगेट्स वाफेवर मऊ पडतात. एक सावधगिरी मात्र अत्यंत महत्त्वाची आहे. चुरा आधीच सोनेरी असल्यामुळे बाहेरच्या रंगावरून आतले चिकन शिजले की नाही हे मुळीच कळत नाही. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी तापमान ७४ अंश सेल्सिअस झालेच पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर स्वस्त असतो आणि लहान मुलांच्या घरात तो असावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या वृत्तपत्रातील पाककृतींच्या सदरासाठी माझी विनंती आहे. एअर फ्रायरची पाककृती छापताना केवळ ‘कुरकुरीत होईपर्यंत ठेवा’ असे न लिहिता तुकड्यांचा आकार, यंत्राचे तापमान आणि मांसाच्या आतले सुरक्षित तापमान आवर्जून द्यावे, आणि पाकिटातले अर्धतळलेले पदार्थ वापरले असतील तर त्या कृतीला ‘तेलविरहित’ हे विशेषण लावू नये.

आपली नम्र,
एक नियमित वाचक