जिप्सीच्या इंजिनाचा ब्लॉक बदलला, तुझी सही हवी आहे

वडाळा, मुंबई
9 ऑक्टोबर

संज्या,

फोनवरच सांगणार होतो, पण जिप्सीचा विषय निघाला की तू मधेच "अरे आता भंगारात दे ना ती" म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतोय. सगळं वाच. शेवटी एक काम आहे, ते मात्र लगेच करायचंय.

गाडी चालू झाली रे. परवा संध्याकाळी. तिसऱ्या सेल्फला घेतलं तिने आणि मग असा काही एकसारखा आवाज आला की गॅरेजचा मेकॅनिक, आपला उस्तादसुद्धा हातातला पाना ठेवून ऐकत उभा राहिला. पाच महिने ती गॅरेजच्या भिंतीला लागून इंजिनाशिवाय पडून होती, मी रोज ऑफिसवरून येताना बघून जायचो.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. मे महिन्यात छकुलीच्या बारशाला मी एसटीने आलो, गाडी बंद पडली एवढंच म्हणालो. खरं असं झालं की कसाऱ्याचा घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जाताना दिसत होता, दुपारचे दोन, वर बारशाला उशीर, म्हटलं इगतपुरीपर्यंत ओढू. वळणावर वाफ आली तेव्हा थांबलो, अर्धा तास थांबायला हवं होतं, दहा मिनिटंही थांबलो नाही आणि बाटलीतलं गार पाणी तसंच तापलेल्या इंजिनात ओतलं. टिक करून एक बारीक आवाज झाला, तो अजून कानात आहे माझ्या. पाण्याच्या पंपातून गळती होती, ती शंभर-दीडशे रुपयांच्या सीलची गोष्ट होती. म्हणजे गाडी म्हातारी झाली म्हणून गेली नाही. मी घाई केली म्हणून गेली. तू तिला थकलेली म्हणतोस तेव्हा मला हेच सांगायचं असतं आणि जमत नव्हतं.

आधी वाटलं हेड गॅसकेट उडालंय, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी. ऑइल काढलं तर दुधाच्या कॉफीसारखं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं. हेड उतरवलं, ते सपाट आहे का बघायला सरळ पट्टी ठेवून फट मोजायचा फीलर गेज लावला तर 0.15 मिलिमीटरचं पान सरळ आत गेलं, चालतं ते फार तर 0.05. हेडला फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, नवीन गॅसकेट टाकून बसवलं, आणि चार दिवसांत पाणी परत कमी व्हायला लागलं. मग उस्ताद म्हणाला आता पूर्ण खोलू. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य भाग, लेथवाल्याकडे नेऊन प्रेशर दिलं तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे बुडबुडे. क्रॅक. याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत लायनर बिडाचे, वेल्डिंग करणारे भेटतात पण त्या जागी कोणी हमी देईना. त्या रात्री जेवलो नाही मी.

तर दुसरा ब्लॉक. तुला माहितेय सीएसटी रोड, कुर्ला ते कलिना, सुट्या पार्टांची सगळी लाइन. तीन रविवार फिरलो. जिप्सीचा ब्लॉक मिळणं कठीण, जिप्सी 2019 ला बंद झाली आणि ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीत. पण उस्तादने सांगितलं की आपलं इंजिन, जी13बीबी, एकट्या जिप्सीत नाही, एस्टीममध्ये आहे आणि व्हर्सातही आहे. व्हर्सा आठवते ना, अमिताभ आणि अभिषेकची जाहिरात होती ती. तिन्ही 1298 सीसी, 74 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी), 75.5 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), सोळा व्हॉल्व्ह. कागदावर एकच इंजिन. एस्टीमचा माल जास्त मिळतो, स्वस्त पण मिळतो, मी घेऊनच टाकत होतो. उस्तादने थांबवलं. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, पुढची चाकं ओढतात, आपल्यात ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि मागे गिअरबॉक्स. सिलिंडर तेच असले तरी ब्लॉक गाडीत कशावर टेकणार, पाण्याचा पाइप कुठून निघणार, ब्रॅकेटला भोकं कुठे, हे गाडीप्रमाणे बदलतं. व्हर्सात इंजिन उभंच आहे, पुढच्या सीटखाली, आणि चाकं मागची फिरतात. म्हणून व्हर्साचा ब्लॉक शोधायचा ठरला.

तिथे सगळे हाफ इंजिन विकतात, म्हणजे ब्लॉक, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), पिस्टन सगळं एकत्र, आणि "एकदम चालू माल" म्हणतात. आम्ही फक्त ब्लॉक घेतला पण मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक जिथे टेकून फिरतो तिथल्या, कॅपसकट. हे लक्षात ठेव, कधी कोणाला सांगायला उपयोगी पडेल. त्या कॅप त्याच ब्लॉकला बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात, एकाच्या कॅप दुसऱ्याला चालत नाहीत, कॅप हरवलेला ब्लॉक फुकट दिला तरी घेऊ नये. आपला जुना ब्लॉक आम्ही टेम्पोत घालूनच नेला होता, दोघे शेजारी ठेवले, गिअरबॉक्स जोडायची (बेलहाउसिंगची) भोकं, माउंटिंगच्या जागा, चेंबरचे (खालच्या ऑइलच्या टाकीचे) बोल्ट, डिपस्टिकचं भोक, नॉक सेन्सर लागतो का, एक एक हाताने बघितलं. एका ब्रॅकेटच्या जागी आटे पाडून घ्यावे लागले, बाकी जुळलं. दुकानदार वैतागला होता, दोन तास लावले आम्ही.

बाकी सगळं आपलंच ठेवलं. क्रँक आपला, फ्लायव्हील आपलं, त्यामुळे गिअरबॉक्सला कळलंच नाही काही बदललंय. चेंबर आणि ऑइलची जाळीही आपलीच, कारण जिप्सीत खाली पुढचा अ‍ॅक्सल येतो, दुसऱ्या गाडीचं चेंबर तिथे आपटू शकतं. सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर काहीच हलवलं नाही. बोअर गेजने वर-मधे-खाली, आडवं-उभं मोजलं, वरच्या बाजूला जिथे पिस्टनची रिंग वळते तिथे झीज निघाली, म्हणून 0.25 मिलिमीटर मोठे (ओव्हरसाइज) पिस्टन घेऊन सिलिंडर तेवढे रुंद करून घेतले, म्हणजे रिबोर केलं.

आणि शेल, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंगचे पातळ पत्रे. इथे मी नवीन शिकलो. मला वाटायचं स्टँडर्ड शेल म्हणजे एकच. तर सुझुकीत स्टँडर्डमध्येच पाच जाडीचे शेल येतात, हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. ब्लॉकवर आणि क्रँकवर खुणा कोरलेल्या असतात, दोन्ही जुळवून कुठल्या जागी कुठला रंग ते काढायचं. आपला क्रँक आणि परका ब्लॉक, त्यामुळे जुनी जोडी संपली, क्रँक टेकतो त्या पाचही जागांचा हिशोब नव्याने केला. उस्ताद चाळीस वर्षं हे काम करतोय पण चष्मा लावून कागदावर मांडून दोनदा तपासलं त्याने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं खरं सांगतो.

आता काम. इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो. ब्लॉक बदलला म्हणजे आरसी बुकवरचा नंबर खोटा ठरला. बाजारात एकजण म्हणाला जुना नंबर कोरून देतो, कोणाला कळणार नाही. मी तिथून उठलो. तो गुन्हा आहे, आणि ही गाडी मला चोरासारखी चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आरसी जमा करून नवा नंबर चढवून घ्यायचा. ब्लॉकचं बिल नंबरसकट आहे, ज्या व्हर्साचा तो होता तिच्या कागदांची झेरॉक्स पण घेतलीय. पण गाडी तुझ्या नावावर आहे ना. 2005 ला घेतली तेव्हा मी भाड्याच्या खोलीत, पत्त्याचा पुरावा नव्हता, म्हणून तुझं नाव टाकलं होतं. तेव्हा वडाळा आरटीओच्या अर्जावर सही तुझीच लागणार, इन्शुरन्सला कळवायचं पत्रही तुझंच. 2022 ला पासिंग करून घेतलंय ते 2027 पर्यंत आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

तू विचारशील एवढं कशाला. अरे त्याच सीएसटी रोडवर मिठीच्या पुलाजवळ ब्लॉक टेम्पोत चढवताना मला 26 जुलै 2005 आठवला. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता त्या दिवशी. काकू आणि त्यांच्या ऑफिसमधल्या चौघी कलिन्याला अडकलेल्या, पहाटे तू फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून अ‍ॅक्सिलरेटर अजिबात न सोडता पाण्यातून काढलीस, मी बॉनेटवर हात ठेवून चालत होतो पुढे, खड्डा बघत. काकू अजून विचारतात गाडी कशी आहे. त्यांना सांग बरी आहे.

म्हणून कुरियरने कागद मागवत नाही. शनिवारी पंचवटी एक्सप्रेस पकड, दादरला उतर, सोबत आरसी, इन्शुरन्स आणि आधारची झेरॉक्स आण. सध्या रनिंग-इन चालू आहे, पहिले हजार किलोमीटर जोर द्यायचा नाही, त्यामुळे घाटात येऊन तुला घेऊन जाता येत नाही, पण दादर स्टेशनला येतो गाडी घेऊन. निघायच्या आधी पाणी बघेन.

वहिनीला नमस्कार, छकुलीला पापा.

तुझाच,
राजू