जुन्या गाडीचं कागदपत्र कुणी समजावून सांगेल का?

संपादक साहेब,
वडिलांची १९७० ची फियाट दारात ताडपत्रीखाली गंजत पडलेली, ती शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी उभी केली बघा. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा मिळाल्या, पण स्टेअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीची बुशं, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती छोटी नळकांडी, कुठंच मिळेनात, मग त्यांनी झिजलेल्या तुकड्यावरनं माप काढून लेथवर पितळेची नवीन पाडून दिली, गिअर आता लोण्यासारखा पडतोय. पेट्रोलात आता इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर खराब होतं, म्हणून रबरी नळ्या पण सगळ्या बदलल्या.

खरी कटकट कागदांची. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २० हजार, मुदत १० वर्षं, पण मग ती रोज चालवायची नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामाला. म्हणजे रविवारी घरच्यांना रंकाळ्यावर न्यायची पण चोरी! साधी नोंदणी ठेवायची तर दर ५ वर्षांनी तपासणी आणि वर पर्यावरण कर. एक एजंट एक सांगतो, दुसरा भलतंच. परिवहन खात्यानं दोन्ही वाटांची माहिती मराठीत एका पानावर छापून खिडकीपाशी लावावी, एवढं तुमच्या पेपरातनं त्यांच्या कानावर घाला.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर