पहाटेचा रंग आणि मिठाचे पाणी

जळगाव,
५ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शेवटच्या पत्राला आठ महिने झाले आणि मी एक ओळही लिहिली नाही, याबद्दल तू रागावला असशील तर तो राग रास्त आहे. प्रकृती बरी आहे. साखर थोडी वाढली होती, डॉक्टरांनी गोळी बदलली. घरी सर्व कुशल. आज रंगभूमी दिन. सकाळी कॉलेजच्या सभागृहात मुलांनी नटराजाची पूजा केली, नारळ फोडला आणि १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या त्या पहिल्या खेळाविषयी एका मुलीने चार शब्द फार नेटके सांगितले. पूजा चालू असताना आमच्या चमूतला एक मुलगा दाराबाहेर चपला घालून उभा होता, कारण त्याला आत येण्याची मनाई झाली आहे. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. ती दोन बोटे पाहिल्यावर हे पत्र लिहिणे मला आणखी टाळता येईना.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. जुलैच्या अखेरीस आपल्या कॉलेजची तीन मुले घरी आली. एकांकिकेसाठी धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराचे चित्र काढून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. चित्रकलेच्या मास्तराला ते तासाभराचे काम, म्हणून मी बसलो. पण मुलांनी संहिता वाचून दाखवली आणि रात्रीचे अकरा वाजले. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणातल्या एका रात्रीची ती गोष्ट आहे. श्रावणातल्या त्या रविवारी संध्याकाळी कानबाई बसते, रात्रभर जागरण होते, आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला निघण्याच्या आत त्या घरातल्या तीन भावांनी वाटणीचा निर्णय घ्यायचा असतो. संवाद निम्मे अहिराणीत आहेत. सगळे नाटक तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चालते आणि शेवटची चार मिनिटे कोणी एक शब्दही बोलत नाही, फक्त उजाडत जाते. तू असतास तर तिथेच उठून म्हणाला असतास की हे नाटक प्रकाशयोजना करणाऱ्याचे आहे.

मग मी अडकलो तो अडकलोच. घराची भिंत फ्लॅटवर, म्हणजे कापड ताणलेल्या चौकटीवर रंगवण्याचा माझा पहिला विचार मी चोपड्याच्या एका मुलीच्या प्रश्नामुळे सोडून दिला. ती म्हणाली, "सर, आमच्या मळ्यातल्या खोलीला पऱ्हाट्यांचा कूड आहे, त्यातून सकाळी ऊन रेघारेघांनी आत येतं, ते रंगवून कसं येणार?" आम्ही आठ फूट बाय चार फुटांच्या पाच चौकटी केल्या, मागच्या हंगामातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, सुतळीने बांधल्या आणि टेम्पोत मावाव्यात म्हणून चौकटींना बिजागऱ्या लावल्या. मागे दिवा ठेवून सभागृहात अंधार केला, तेव्हा त्या काड्यांच्या फटींतून जमिनीवर ज्या रेघा पडल्या त्या पाहून कोणी काही बोलले नाही. वाळक्या पऱ्हाट्यांना पेटायला वेळ लागत नाही, म्हणून हॅलोजन कुडापासून सहा फुटांच्या आत आणायचा नाही आणि वाळूच्या दोन बादल्या विंगेत ठेवायच्याच, असा नियम मी पहिल्याच दिवशी घातला. आगीची काळजी मी घेतली होती, हे तुला मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले ते माझ्या ध्यानातही नव्हते.

सप्टेंबरात मी मुलांना चाळीसगावला केकी मूस यांचे घर पाहायला नेले. स्टेशनाजवळच्या त्या घरात हा माणूस (१९१२ ते १९८९) अनेक दशके जवळजवळ स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा उजेड पाडून त्याने छायाचित्रांत अख्खे देखावे उभे केले. एका चित्रापुढे तो मुलगा, ज्याच्याविषयी मी लिहितो आहे, वीस मिनिटे उभा राहिला. परतीच्या गाडीत त्याने मला विचारले, "सर, दिवा कमी-जास्त करायला तुमच्या वेळी काय होतं?"

आणि मी ती गोष्ट सांगितली. सांडपाण्याच्या चिनी मातीच्या नळ्या, त्यांत मिठाचे पाणी, तळाशी एक पत्रा, वरून दोरीने सोडलेला दुसरा. पत्रे जवळ आले की दिवा उजळतो, दूर नेले की मंदावतो, आणि तासाभरात पाणी असे तापते की वाफेला समुद्राचा वास येतो. मी ती रंगवून सांगितली. तेलाच्या डब्यांचे दिवे सांगितले, काळोखात बाज घेऊन तू रंगमंचावर असतानाच उजेड आला तेव्हा तू त्याच बाजेवर आडवा झालास आणि परीक्षकांनी प्रेताच्या कामाचे खास कौतुक केले, तेही सांगितले. डब्यातले शेजारचे प्रवासीही हसले. तुला लागलेला झटका मी त्याच सुरात सांगितला, जणू तोही एक किस्साच होता.

स्पर्धेच्या ठिकाणी दिवे कमी-जास्त करणारा डिमर भाड्याने मिळतो, पण तो त्या एका दिवसापुरता. तालमीत चार मिनिटांची पहाट बटणाने होत नाही आणि नटांना ती अंगात मुरवायची होती. म्हणून त्या मुलाने मला न सांगता निळ्या पिंपात मीठ कालवले, ५०० वॅटचा हॅलोजन जोडला आणि गेल्या बुधवारी सगळ्यांच्या आधी येऊन पहाट करून पाहिली. दोनदा ती झाली म्हणतात. तिसऱ्या वेळी बटण बंद करून त्याने वरचा पत्रा हाताने उचलला. एक्स्टेंशन बोर्डातल्या तारा उलट जोडलेल्या होत्या. बटण फेज, म्हणजे वीज आणणारी तार तोडत नव्हते, परतीची न्यूट्रल तोडत होते. दिवा विझला, पाणी मात्र जिवंत राहिले. त्यात आपली रीत अशी की रंगमंचावर चपला घालायच्या नाहीत, आणि पिंपाभोवती पाणी सांडलेले. मी पोहोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि दातांवर दात वाजत असताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बटन ते बंद व्हतं ना, सर! बटन ते बंद व्हतं!"

दवाखान्यात रात्रभर ठेवले, हृदयाचा आलेख ठीक आला, बोटे महिनाभरात बरी होतील. त्याचे वडील एरंडोलजवळच्या खेड्यातून कापसाची वेचणी टाकून आले. त्यांच्या बंडीला कापूस चिकटलेला होता. मला वाटले ते ओरडतील. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही शेतस म्हनीसनी मी पोऱ्याले धाडस, सर." तुम्ही आहात म्हणून मी पोराला पाठवतो. मित्रा, त्या वाक्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही. कॉलेजात एक बैठक झाली, मुलाने परवानगीवाचून धोकादायक साधन वापरले असे ठरले आणि त्याला चमूतून काढण्यात आले. ताकीदपत्रात जो शब्द आहे तो तुला पाठ असेल: निष्काळजीपणा. मी त्या बैठकीत होतो. ती कल्पना त्याला कोणाकडून मिळाली हे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी मी तीन कागद फाडले आहेत. १९९१ च्या गॅदरिंगच्या रात्री मेन स्विचचा खटका मी वर केला होता. तू नळीत मीठ घालत होतास, मेन बंद आहे हे तू मला विचारून घेतले होतेस आणि "मी सांगेन तेव्हाच" असे बजावलेही होतेस. तिसरी घंटा झाली, मला वाटले उशीर होतो आहे, आणि मी हाक न देता खटका ओढला. तू पडलास. सरांनी सगळ्यांसमोर तुला निष्काळजी म्हटले, दिव्यांचा बोर्ड तुझ्याकडून काढून घेतला आणि माझ्या हाती दिला. पुढच्या स्पर्धेत प्रकाशयोजनेचे बक्षीस मिळाले, तेही मी घेतले. तू मला एकदाच विचारलेस, भुसावळच्या तीन नंबर फलाटावर, "खटका तू ओढलास का?" आणि मी "मला आठवत नाही" असे उत्तर दिले. मला त्या वेळीही सगळे आठवत होते. खटक्याच्या मुठीचा उबदारपणा अजून तळहाताला आठवतो.

तुझी-माझी भांडणे कितीतरी झाली. नाटकाच्या पैशांचा हिशेब, माईंच्या घरच्या भरिताच्या रात्री तू मध्येच उठून गेलास तो प्रसंग, आणि सर्वांत लांबलेले ते पहाटेच्या रंगाचे भांडण. आपण कॉलेजात असतानाच, १९९० साली, इथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि पुण्याशी असलेला संबंध सुटला, तेव्हा तू म्हणाला होतास की आता आपल्या मातीची नाटके आपल्या उजेडात होतील, आणि आपला उजेड नारिंगी नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या माणसाला ठाऊक असते की आधी काळोख निळा होतो, मग राखाडी होतो, आणि रंग अगदी शेवटी येतो, असे तुझे म्हणणे होते. बोर्ड माझ्याकडे आल्यावर मी पहाट थेट पिवळ्यातून नारिंगी केली, कारण टाळ्या त्यालाच पडत. त्यानंतर इतकी वर्षे आपण सणावाराला बोललो, लग्नांना भेटलो, पण नाटकाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी का काढला नाही, ते आता तुला कळले.

यावरून तू मला काय म्हणायचे ते म्हण. माझी चिंता त्या मुलाची आहे. आज चपला घालून दाराबाहेर उभा असलेला तो मुलगा उद्या घरी जाईल, वेचणीला लागेल, आणि आपण निष्काळजी आहोत असे स्वतःविषयी धरून चालेल. तू इंजिनिअर झालास, वीज कंपनीत तीस वर्षे काढलीस, लोकांना तारांपासून वाचवलेस. प्रत्येकाला ते जमत नाही. मी उद्या प्राचार्यांकडे जाऊन गोष्ट माझ्याकडून गेली हे सांगणार आहे, आणि रविवारी त्याच्या वडिलांकडे गावी जाणार आहे. तेवढे मी ठरवले आहे. पण मुलांपुढे ती जुनी रात्र खरी कशी घडली ते सांगायचे, तर त्यात तू आहेस. माझ्या तोंडून ऐकून ती तुला हसली आहेत. ते मला पुसायचे आहे, आणि तुझ्या संमतीवाचून तुझी गोष्ट मी दुसऱ्यांदा वापरणार नाही.

दुसरी विनंती अशी की तू ये. पिंप मी त्याच दिवशी रिकामे केले, पण मुलांच्या मनातले कुतूहल रिकामे करता येत नाही आणि ते करूही नये. फेज कुठे आहे ते टेस्टरने आधी पाहायचे, अर्थिंग म्हणजे काय, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा ब्रेकर सभागृहाच्या बोर्डावर का हवा, हजार वॅटचा एक दिवा सुमारे साडेचार अँपिअर घेतो, मग १५ अँपिअरच्या एका प्लगवर किती लावायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मी सांगू शकतो, पण माझे ज्ञान ऐकीव आहे. तू दोन दिवस राहिलास तर मुले तारा हातात घेऊन शिकतील. त्या मुलालाही तुझ्यासमोर बसवायचे आहे. तुझ्या बोटांवरची ती पांढरी खूण त्याने पाहावी, आणि त्या हाताने पुढे काय काय केले ते तुझ्याकडून ऐकावे, असे मला फार वाटते.

नाटक चांगले होते आहे. चोपड्याची ती मुलगी विंगेत वही घेऊन उभी राहते. दिवे बदलण्याचे ४१ क्यू, म्हणजे इशारे आहेत आणि तिला वही उघडावी लागत नाही. धाकटी सून झालेली मुलगी रोटाचे पीठ मळते ते खरेच मळते, तालमीनंतर त्याचे रोट आम्ही खातो. स्पर्धा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि नेपथ्य लावायला दहा मिनिटे मिळतात. आम्ही अजून बारावर आहोत. कूड उभा करायला वेळ जातो.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले, शस्त्रक्रिया करणार का? मुलाच्या बदलीचे कळले, आनंद झाला. नव्या घराची वास्तू आम्ही चुकवली, त्याबद्दल हिचे आणि तुझे बोलणे झालेच आहे. निवृत्तीनंतर नाशिकलाच राहणार की गावी येणार, तेही कळव.

उत्तर रागाचे असले तरी पाठव. आलास तर भुसावळच्या फलाटावर मी असेन, गाडी कितीही वाजता येवो.

तुझा,
मास्तर

ता. क. येताना नाशिकमध्ये मिळाले तर दिव्यापुढे लावायच्या गडद निळ्या जिलेटिनचे तीन ताव आण. इथे पतंगाच्या कागदासारखे पातळ मिळते, ते दिव्याच्या उष्णतेने आक्रसते. पहिली दीड मिनिटे निळीच ठेवली आहेत.