विषय : ४०४ च्या एसीचं पाणी (पत्र चौथं)

प्रति,
अध्यक्षसाहेब आणि कमिटी मेंबर,

सप्रेम नमस्कार.

पहिलं पत्र २०२२ च्या मे मध्ये दिलं, पोच माझ्याकडे आहे. दुसऱ्याच्या पोचवर वॉचमनच्या चहाच्या कपाचा गोल डाग आहे पण तीही आहे. तिसरं ग्रुपवर टाकलं, त्यावर सेक्रेटरींनी अंगठा दाखवला आणि लगेच होळीच्या वर्गणीचा मेसेज आला. मी भांडखोर माणूस नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण गेल्या रविवारी अति झालं.

हिने ग्रिलमध्ये कुरडया वाळत घातल्या होत्या (ग्रिल बाहेर काढलंय तो विषय वेगळा, तो इथे आणू नये). साडेअकराला वरती मेकॅनिक आला, प्रेशर पंप सुरू झाला आणि आउटडोअरचं काळं पाणी थेट आमच्याकडे, त्यामागोमाग ड्रेन पाइपमधून शेवाळासारखा बुळबुळीत गोळा निघाला तो बरोब्बर कुरडयांच्या मधोमध. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून केलेल्या कुरडया साहेब. खालून हाक मारली तर ४०४ वाले म्हणतात, "अहो काका, सर्व्हिसिंग चाललंय, आता पाणीच बंद होईल."

कसं बंद होईल? थंड कॉइलवर हवेतलं बाष्प जमतं तेच पाणी, आपल्या डोंबिवलीच्या दमट हवेत तर ते येणारच. उलट पाणी पडतंय म्हणजे एसी बरा चाललाय. माझी तक्रार पाण्याबद्दल नाहीच आहे, पाइप अर्धवट लोंबकळत ठेवलाय त्याबद्दल आहे. आणि रात्री पत्र्यावर जे टप टप वाजतं ते तर ड्रेनचं पण नाही, त्यांच्या जाड कॉपर पाइपवरचा फोम उन्हाने फाटलाय, तिथे पाइपला घाम येतो. हे मी दोन वर्षं सांगतोय.

आमच्याकडे सर्व्हिसिंग असलं की मी स्वतः स्टूल टाकून बसतो. आधी एमसीबी पाडायचा. फिल्टर साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायचे. इनडोअरला खालून पिशवी बांधायची, पाणी बादलीत घ्यायचं, ब्लोअरच्या पात्यांमधली बुरशी काढायची कारण कुबट वास तिथूनच येतो. ट्रे आणि ड्रेन पाइप धुवून शेवटी मगभर पाणी ओतून बघायचं, सरळ वाहतं का. आउटडोअरवर फवारा समोरून सरळ मारायचा, तिरका मारला की जाळीचे पत्रे वाकतात. त्यांचा माणूस पंधरा मिनिटांत मोकळा झाला आणि जाताना "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरून गेला. दर उन्हाळ्यात भरतात आणि लिफ्टमध्ये कौतुकाने सांगतात. गॅस काय स्कूटरचं पेट्रोल आहे का संपायला? सिस्टिम बंद असते, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आधी नटांना साबणाचा फेस लावून बघा, गळती काढा, पाइपातली हवा ओढून व्हॅक्युम करा, मग वजनाने भरा. असो, त्यांचे पैसे.

उपविधीत स्पष्ट आहे की सभासदाने दुसऱ्याला उपद्रव होईल असं काही करू नये. ३०३ च्या वहिनींचंही हेच मत आहे, सही करायला त्या घाबरतात पण मान हलवली. २०४ वाल्यांनाही त्रास आहे, ते सध्या नागपूरला आहेत.

म्हणून म्हणणं एवढंच :
४०४ ने आठ दिवसांत ड्रेन पाइप उतार देऊन खालपर्यंत पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडावा आणि फोम बदलावा, स्वखर्चाने. सर्व्हिसिंग करण्याआधी खालच्यांना एक दिवस आधी कळवावं, पाच मिनिटांचं काम आहे. हे जमत नसेल तर पुढची कमिटी मीटिंग दुपारी तीन वाजता आमच्या बाल्कनीत घ्यावी, खुर्च्या मी देतो, छत्र्या आपापल्या आणाव्यात.

कळावे,
३०४

सोबत : फोटो ३. कुरडयांची पिशवी गेटवर वॉचमनकडे ठेवली आहे, पदाधिकाऱ्यांनी उघडून बघावी, परत पाठवू नये.