स्केलिंग म्हणजे दात चमकवणे नव्हे

संपादक महोदय,

आरोग्य पुरवणीतील दातांच्या निगेवरील लेखात स्केलिंगचा अर्थ ‘दात साफ करून चमकवणे’ असा दिला आहे, तो चुकीचा आहे. चमक आणणे म्हणजे पॉलिशिंग, रंग उजळणे म्हणजे ब्लीचिंग. स्केलिंग म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, म्हणजेच किटण, काढणे; तो हिरड्यांचा उपचार आहे.

दातांवर रोज बसणारा मऊ, चिकट थर म्हणजे प्लाक. तो ब्रशने निघतो. राहिला तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांत कडक होतो आणि त्याचे किटण बनते. मग कितीही घासा, निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते लवकर धरते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. जीभ फिरवली तरी खरखर लागते.

‘साफ केल्यावर दात हलू लागले’ ही तक्रार याच गैरसमजातून येते. निरोगी हिरडी आणि दात यांमधली खाच १ ते ३ मिलिमीटर असते. किटण हिरडीखाली साचत गेले की ती ५-६ मिलिमीटरपर्यंत जाते आणि दाताला धरणारे हाड झिजते. किटणाची सलग पट्टी अशा सैल दातांना जखडून ठेवते. ती काढली की आधीचाच सैलपणा जाणवतो, झाकलेली फट दिसते. काही दिवस थंड पाणी झोंबते, तेही उघड्या पडलेल्या मुळांमुळे.

हा अर्थ पुढील पुरवणीत दुरुस्त करून छापावा. हिरड्यांतून रक्त येत असूनही केवळ दात हलतील या भीतीने उपचार टाळणारे रुग्ण बरेच आहेत.

– एक दंतवैद्य, सांगली