निरीक्षकांना दार उघडे, खोली बंद

संपादक महोदय,

नोव्हेंबर उजाडला की संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांत दोन वाक्ये हमखास असतात. एक, तेल आणि कोळसा कंपन्यांचे इतके प्रतिनिधी परिषदेत वावरत होते. दोन, स्वयंसेवी संस्थांना बाहेर ठेवण्यात आले. दोन्ही खरी असतात. पण त्यांवरून वाचकाची अशी समजूत होते की, कुणाला आत घ्यायचे हे ठरवणारी एखादी निवड समिती असावी आणि ती भलत्यांना होकार देत असावी. तसे काही नाही. बाहेरच्या संस्थेला निरीक्षक (मताचा हक्क नसलेला उपस्थित) म्हणून मान्यता मिळणे हा या सगळ्या प्रवासातला त्यातल्या त्यात सोपा टप्पा आहे. गाडी अडते ती पुढे, आणि त्या पुढच्या टप्प्यांवर वर्तमानपत्रांतून फारसे लिहिले जात नाही. म्हणून हे पत्र.

आधी नियम पाहू. १९९२ च्या हवामान बदल आराखडा कराराच्या कलम ७, परिच्छेद ६ नुसार, कराराच्या विषयात जाणकार असलेली कोणतीही संस्था, मग ती राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, सरकारी असो वा बिगरसरकारी, कराराचे कामकाज पाहणाऱ्या सचिवालयाला इच्छा कळवून निरीक्षक होऊ शकते. तिला रोखायचे तर उपस्थित देशांपैकी किमान एक तृतीयांश देशांनी हरकत घ्यावी लागते. करारात १९८ 'पक्ष', म्हणजे सामील देश आणि युरोपीय संघ, आहेत. समजा सभागृहात १९० हजर असले, तर ६४ जणांनी हात वर करायला हवेत. प्रत्यक्षात तिथे मतदान होतच नाही, सगळे सहमतीने चालते. हेच सूत्र १९८५ च्या ओझोनविषयक व्हिएन्ना करारातही होते आणि पॅरिस कराराच्या कलम १६ मध्येही तेच उतरले आहे. म्हणजे नियमाचा कल स्पष्टपणे दार उघडे ठेवण्याकडे आहे. जाता जाता एक गंमत सांगायला हवी. या परिषदेची कार्यपद्धतीची नियमावली आजवर रीतसर मंजूरच झालेली नाही. मतदानाच्या नियम ४२ वर देशांचे जमले नाही, म्हणून तेवढा नियम बाजूला ठेवून बाकीचा मसुदा नव्वदीच्या दशकापासून 'लागू केला जात आहे'. निरीक्षकांचे नियम ६ आणि ७ याच मसुद्यात आहेत.

अर्ज ऑनलाइन असतो. संस्था स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली आणि ना-नफा असली पाहिजे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या, तिच्या विशेष संस्थांच्या किंवा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एखाद्या सदस्य देशात नोंदलेली असली पाहिजे. नोंदणीपत्र, घटना किंवा नियमावली, ना-नफा दर्जाचा पुरावा, वार्षिक अहवाल, हिशेब, नियामक मंडळाची नावे आणि हवामानविषयक कामाचा पुरावा जोडावा लागतो. सचिवालय कागद तपासते आणि यादी परिषदेच्या ब्यूरोपुढे, म्हणजे अकरा जणांच्या पदाधिकारी मंडळापुढे जाते. तिथे हरकत निघाली नाही तर संस्था तात्पुरत्या मान्यतेवर येऊ शकते. परिषदेच्या उद्घाटन सत्रात अध्यक्ष यादीचा उल्लेख करतात, हरकत नसल्याचे पाहतात, हातोडा पडतो आणि शेकडो संस्था एका दमात निरीक्षक होतात. मान्यता एकदाच घ्यायची असते. पुढच्या सगळ्या अधिवेशनांना तीच चालते, क्योटो आणि पॅरिस करारांच्या बैठकांनाही.

अर्ज अडकतात ते बहुधा राजकारणाने नव्हे, कागदांनी. नोंदणीपत्रावर नाव एक, घटनेत दुसरे आणि लेटरहेडवर तिसरे, हा नेहमीचा घोटाळा. दुसरा म्हणजे मोठ्या संस्थेच्या शाखेने किंवा प्रकल्पाने आपल्या नावाने अर्ज करणे. स्वतंत्र नोंदणी नसेल तर तो टिकत नाही. तिसरा म्हणजे कामाचा पुरावा म्हणून वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि 'संस्था पर्यावरणासाठी कार्यरत आहे' असे एक वाक्य. शमन (उत्सर्जन घटवणे), अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे), वित्त, कार्बन बाजार, हवामान बदलाने होणारे नुकसान आणि हानी, यांपैकी कशावर संस्थेने काय केले हे दिसले पाहिजे. चौथा, शेवटची तारीख. ज्या परिषदेला जायचे तिच्या कितीतरी महिने आधी ती उलटून गेलेली असते आणि उशिरा आलेला अर्ज पुढच्या वर्षासाठी राहतो.

आता अटींत काय नाही ते पाहा. हितसंबंधांचा प्रश्न तिथे कळीचा नाही. नफा कमावणारी कंपनी स्वतःच्या नावाने निरीक्षक होऊ शकत नाही, तेवढ्यापुरते दार बंद आहे. पण त्याच कंपन्यांनी मिळून काढलेला व्यापारी महासंघ ना-नफा म्हणून नोंदलेला असतो, हवामानावर अहवालही काढतो आणि प्रत्येक अट नीट पुरी करतो. तंबाखू नियंत्रण कराराने या बाबतीत वेगळा रस्ता घेतला. त्याच्या कलम ५.३ मध्ये तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून आरोग्य धोरणाचे रक्षण करण्याचे बंधनच देशांवर घातले आहे. हवामान करारात असे कलम नाही आणि सहमतीने चालणाऱ्या परिषदेत ते येण्यासाठी तेल निर्यातदारांसह सगळ्यांचा होकार लागेल. तेव्हा 'मान्यताच देऊ नका' ही मागणी रास्त असली तरी लवकर पदरात पडणारी नाही.

मान्यता मिळाली की संस्था नऊ गटांपैकी एकात बसते: पर्यावरण, उद्योग, संशोधन, स्थानिक शासन, आदिवासी समूह, कामगार संघटना, शेतकरी, महिला आणि लिंगभाव, युवा. गटात नसले तरी चालते, पण सभागृहात निवेदनाची साधारण दोन मिनिटे गटालाच मिळतात, तीही देशांचे बोलून झाल्यावर वेळ उरला तर. आणि इथून खरी टंचाई सुरू होते. मान्य बिगरसरकारी संस्था आज तीन हजारांच्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य श्रीमंत देशांतल्या आहेत. जागा मोजकी, म्हणून प्रत्येक संस्थेला बॅजचा, म्हणजे प्रवेशपत्रांचा, कोटा ठरतो. संस्थेच्या नियुक्त संपर्क व्यक्तीने नावे घालायची, कोटा कळल्यावर मुदतीत ती पक्की करायची. पक्के न केलेले नाव गळते. पासपोर्टवरचे आणि अर्जातले नाव जुळले नाही तर नोंदणीच्या खिडकीवर अडवणूक. व्हिसासाठी निमंत्रणाचे पत्र लागते, ते नाव पक्के झाल्याशिवाय निघत नाही आणि तोवर दूतावासातल्या तारखा संपलेल्या असतात. कागदावर समान असलेला कोटा गरीब देशांतल्या संस्थांच्या हाती असा अर्धामुर्धाच पडतो.

कोपनहेगनला २००९ मध्ये याचा कडेलोट झाला. परिषद भरली त्या बेला सेंटरची क्षमता १५ हजार आणि नोंदणी ४० हजारांच्या वर. माणसे थंडीत तासन् तास रांगेत उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात संस्थांना नेहमीच्या बॅजखेरीज लागणारे दुय्यम बॅज सुरू झाले: आधी सुमारे सात हजार, गुरुवारी एक हजार, शेवटच्या शुक्रवारसाठी ठरवलेले फक्त ९०. ज्या दिवसांत मजकूर ठरत होता, नेमक्या त्याच दिवसांत निरीक्षक बाहेर होते. ग्लासगोला २०२१ मध्ये कारण साथीचे होते, पण सुरुवातीच्या दिवसांत वाटाघाटींच्या भागात जाण्यासाठी नऊ गटांना मिळून ३६ तिकिटे मिळाली. त्याआधी माद्रिदला, ११ डिसेंबर २०१९ रोजी, मुख्य सभागृहाबाहेर निदर्शने केल्यावर सुमारे दोनशे निरीक्षकांना आवाराबाहेर काढले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी परत घेतले. आवारात निदर्शनाला सचिवालयाची आगाऊ परवानगी लागते, जागा आणि वेळ ठरवून मिळते आणि फलकावर एखाद्या देशाचे वा व्यक्तीचे नाव घेऊन टीका करता येत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या तरुण प्रतिनिधींना हे कुणी सांगितलेले नसते आणि मग बॅज जातो.

बॅज गळ्यात असूनही पुढची अडचण खोलीच्या दाराशी येते. सर्वसाधारण सत्र खुले असते, पण तिथे ठराव वाचले जातात, घडत नाहीत. ते घडतात संपर्क गटांत, म्हणजे एकेका विषयाच्या वाटाघाटींसाठी नेमलेल्या गटांत, आणि अनौपचारिक बैठकांत. १९९८ च्या परिषदेतल्या निर्णय १८ नुसार संपर्क गटाचे अध्यक्ष निरीक्षकांना बसू देऊ शकतात, एक तृतीयांश देशांनी हरकत घेतली नाही तर. पण तोच निर्णय अध्यक्षांना केव्हाही दार लावण्याची मुभाही देतो. यातून पळवाट सोपी झाली: संपर्क गट नेमायचाच नाही, सगळे 'अनौपचारिक' म्हणून चालवायचे. ती बुजवण्यासाठी २०११ मध्ये कराराच्या अंमलबजावणीच्या सहायक मंडळाने शिफारस केली की, विषयाला संपर्क गट नसेल तर अनौपचारिक बैठकांतली निदान पहिली आणि शेवटची निरीक्षकांना खुली असावी. त्याच वाक्यात बैठक बंद ठेवण्याचा देशांचा हक्कही मान्य केला आहे.

व्यवहारात काय होते? दारावरच्या पडद्यावर बैठकीपुढे 'खुली' असे लिहिलेले असते. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत मध्ये देशांचे टेबल आणि भिंतीकडेने निरीक्षक, अर्धे उभे. विसाव्या मिनिटाला एका देशाचा प्रतिनिधी हात वर करतो, 'आता परिच्छेद परिच्छेद घेऊ, फक्त पक्षांनी बसावे' म्हणतो. बैठक चालवणारे सहसंयोजक खोलीभर नजर फिरवतात. कुणी काही बोलत नाही. एक तृतीयांश सोडा, दुसरा देशही तोंड उघडत नाही आणि भिंतीकडेची माणसे आपापल्या पिशव्या उचलून बाहेर पडतात. प्रवेश नाकारायला ६४ देश लागतात आणि खोली रिकामी करायला एक पुरतो! हरकत कुणी घेतली, का घेतली, याची नोंद कुठेही राहत नाही. त्याच्याही पुढे दोन-चार देशांनी व्हरांड्यात घोळका करून मसुद्यातले कंस, म्हणजे वादाचे शब्द, सोडवायचे, याला तिथल्या बोलीत 'इन्फॉर्मल इन्फॉर्मल' म्हणतात, त्याची तर वेळही फलकावर नसते.

वाटाघाटींत थोडा आडपडदा लागतो, हे आम्हालाही मान्य आहे. आपली आधीची भूमिका सोडताना कुणालाच प्रेक्षक नको असतात. पण निरीक्षक हे नुसते प्रेक्षक नव्हेत. तीन-चार माणसांचे शिष्टमंडळ घेऊन आलेल्या छोट्या देशाला एकाच वेळी चालणाऱ्या दहा खोल्या गाठता येत नाहीत. शेजारच्या खोलीत कोणता शब्द बदलला हे त्याला बहुधा निरीक्षकांकडून कळते. १९९२ पासून निघणारे 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' हे दैनिक वृत्त अशाच एका संस्थेचे काम आहे. खोली बंद झाली की सर्वाधिक तोटा त्या छोट्या देशाचाच होतो. विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामाला पैसा पुरवणाऱ्या हरित हवामान निधीने यावर बरा तोडगा काढला आहे. त्याच्या २४ सदस्यांच्या मंडळाच्या बैठकीत नागरी संस्थांचे दोन आणि खासगी क्षेत्राचे दोन 'सक्रिय निरीक्षक' असतात, विकसित आणि विकसनशील देशांतून एकेक. खोलीत नेमके कोण बसले आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि अध्यक्षांनी बोलावले तर ते बोलूही शकतात.

आता त्या गाजणाऱ्या आकड्यांविषयी. जीवाश्म इंधन उद्योगाशी संबंधित प्रतिनिधींची संस्थांनी केलेली मोजदाद २०२२ मध्ये शर्म अल-शेखला ६३६ आणि पुढच्याच वर्षी दुबईला २,४५६ होती. चौपट लोक अचानक आले असे वाटते. परिषदच फुगली होती हे खरे, पण आणखीही एक कारण आहे. २०२३ पासून नोंदणी करताना आपण कुठे काम करतो आणि नाव देणाऱ्याशी आपले नाते काय, हे विचारले जाऊ लागले. आधी जे झाकलेले होते त्यातले काही दिसू लागले. आणि ६३६ मधले २०० जण देशांच्या शिष्टमंडळांतून आले होते, निरीक्षक संस्थांकडून नव्हे. त्यांना मान्यतेचा कोणताही नियम लागू नाही. संस्थांना खोलीबाहेर काढले तेव्हा देशाचा बॅज लावलेला कंपनीचा माणूस टेबलाशीच बसून राहू शकतो. निरीक्षकांच्या मान्यतेची चाळणी कितीही बारीक केली तरी तो तिच्यातून जातच नाही.

म्हणून आमच्या मागण्या मान्यतेच्या टप्प्याविषयी नाहीतच. रोजगार आणि प्रवासखर्च कोण देतो हे सांगणे प्रत्येक बॅजला सक्तीचे असावे, देशांच्या बॅजलाही. खोली बंद करताना ज्याने मागणी केली त्या देशाचे नाव आणि कारण सहसंयोजकांनी एका ओळीत नोंदवावे. २०११ ची शिफारस नुसती शिफारस न राहता पहिली आणि शेवटची बैठक खुलीच असावी. बंद खोलीतला मसुदा देशांना मिळेल त्याच वेळी संकेतस्थळावर यावा. कोट्यातले गळलेले बॅज त्याच गटातल्या, व्हिसा हातात असलेल्या संस्थांकडे जावेत. पहिली मागणी सोडली तर बाकीच्यांना नवा करार लागत नाही, सहायक मंडळांच्या अध्यक्षांचा निश्चय पुरतो.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. सहभागींची यादी सचिवालय प्रसिद्ध करते आणि तिच्यात प्रत्येक नावापुढे नाव कुणी दिले, माणूस कुठे काम करतो आणि दोघांचे नाते काय, असे रकाने असतात. आकडा छापण्यापूर्वी त्यातली देशांची पाने उघडून पाहावीत आणि शेवटच्या रकान्यात किती जणांनी 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय निवडला आहे तेही मोजावे.

आपले,
हवामान वाटाघाटींच्या कार्यपद्धतीचे काही अभ्यासक